पुढचा व्हिडिओ कोण निवडतो?

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ पेझली हे एकेकाळी कापडगिरण्यांचे गाव होते. ३१ डिसेंबर १९२९ रोजी दुपारी तिथल्या ग्लेन सिनेमात मुलांसाठी खास खेळ लावला होता. वर्षअखेरच्या सणाची घरोघर गडबड, त्यामुळे शेकडो मुले मोठ्यांशिवायच आली होती. नुकतीच दाखवून झालेली फिल्म पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. त्या डब्यातून दाट काळा धूर निघू लागला आणि प्रेक्षागृहात शिरला. मुले घाबरून पडद्यामागच्या वाटेने बाहेर पडायला धावली, पण त्या वाटेवरच्या लोखंडी दाराला कुलूप होते. ७१ मुले चेंगरून आणि गुदमरून मेली. आगीने एकही मूल दगावले नाही.

त्यानंतर ब्रिटनमध्ये सिनेमागृहांचे नियम कडक झाले. बाहेर पडायची दारे वाढवली गेली. ती बाहेरच्या बाजूला आणि नुसत्या ढकलण्याने उघडली पाहिजेत असे ठरले. किती प्रेक्षक घ्यायचे याला मर्यादा आली, मुलांच्या खेळाला पुरेसे कर्मचारी हवेत ही अट आली. हे सगळे नियम थिएटर चालवणाऱ्यासाठी होते. मुलांना सिनेमाला एकटे पाठवावे की नाही याची चर्चा घरोघर झाली असेल, पण कायद्याने बदल करून घेतला तो इमारतीत.

दुसरी घटना जपानमधली. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी टीव्ही टोकियो वाहिनीवर ‘पोकेमॉन’ मालिकेचा भाग सुरू होता. त्यातल्या एका स्फोटाच्या दृश्यात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून चमकला. काही सेकंदांचाच प्रसंग, पण देशभर मुलांना झटके आले, उलट्या झाल्या, काहींची शुद्ध हरपली. जवळजवळ ७०० जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मालिका चार महिने थांबली. प्रसारण करणाऱ्यांनी नियम बांधून घेतले की चमक सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा असू नये, आणि लाल रंगाच्या चमकेबाबत विशेष काळजी घ्यावी. खोलीत दिवा लावा, टीव्हीपासून लांब बसा, ही सूचनाही मुलांच्या कार्यक्रमांआधी दिसू लागली. सूचना प्रेक्षकांसाठी होती हे खरे. पण आधी चित्र बदलले गेले आणि मग सूचना आली, हा क्रम महत्त्वाचा आहे.

तिसरी घटना २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये उघडकीस आली आणि तिथे हा क्रम उलटला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या बातमीने आणि पाठोपाठ जेम्स ब्रिडल या ब्रिटिश लेखकाच्या दीर्घ लेखाने दाखवून दिले की यूट्यूबवर, आणि खास लहानग्यांसाठी म्हणून २०१५ मध्ये सुरू केलेल्या यूट्यूब किड्सवरही, ओळखीच्या कार्टून पात्रांचे विकृत व्हिडिओ मोकाट फिरत आहेत. पेप्पा पिग दातांच्या डॉक्टरकडे जाते आणि तिथे तिचा छळ होतो. एल्सा आणि स्पायडरमॅन इंजेक्शने, मारहाण, रक्त अशा प्रसंगांत सापडतात. नाव ओळखीचे, रंग भडक, पाठीमागे बालगीताची चाल. अनेकांची शीर्षके म्हणजे शोधयंत्राच्या पकडीत येण्यासाठी रचलेली शब्दांची रास. यातले कोणते माणसाने दुष्टपणे केले, कोणते नुसत्या कमाईसाठी आणि कोणते संगणकाने आपोआप जुळवले हे सांगता येत नाही, आणि यंत्रणेला त्याने फरक पडतही नाही, हे ब्रिडल यांचे निरीक्षण होते. कंपनीने पन्नासहून अधिक चॅनेल बंद केले, हजारो व्हिडिओ काढले, जाहिराती थांबवल्या. पुढच्या वर्षी यूट्यूब किड्समध्ये पालकांसाठी नव्या सोयी आल्या: फक्त स्वतः निवडलेले व्हिडिओ दाखवण्याची, शोध पूर्वीपेक्षा काटेकोरपणे बंद करण्याची. सोयी चांगल्याच आहेत. पण पेझलीच्या उदाहरणाने सांगायचे तर कुलूप जिथल्या तिथे राहिले आणि किल्ली कुठे मिळेल याची पाटी आईबापांच्या हाती दिली गेली.

या तिन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक प्रश्न स्पष्ट होतो. पेझलीत दाराला कुलूप कोणी लावले हे विचारता आले, थिएटरच्या व्यवस्थापकावर खटलाही चालला. तो निर्दोष सुटला, पण उभा राहिला. टोकियोत तो भाग कोणी दाखवला हे सगळ्या देशाला माहीत होते. २०१७ मध्ये मात्र तीन वर्षांच्या मुलापुढे तो व्हिडिओ कोणी ठेवला? आईने लावून दिला होता तो दुसराच, साधासुधा. मुलाने शोधला म्हणावे तर त्याला अक्षरओळखही नाही. बनवणारा कुठे बसला आहे ते ठाऊक नाही. व्हिडिओ पुढे ठेवला तो शिफारस करणाऱ्या यंत्रणेने, आणि तिला जाब विचारण्याची जागा कोणत्याही देशाच्या कायद्यात तेव्हा धड नव्हती. मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेची सगळी चर्चा मूल काय पाहते याभोवती फिरते. पुढे काय पाहायचे ते कोण ठरवतो, हा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि तोच सतत निसटतो, असे आमचे म्हणणे आहे.

पूर्वी हे ठरवणाऱ्याला नाव होते. मराठीत १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले, तेव्हा अंकात काय येणार याची जबाबदारी संपादकाच्या नावावर होती. पुढे त्याच ‘आनंद’चे संपादन करणारे गोपीनाथ तळवलकर पुणे आकाशवाणीच्या ‘बालोद्यान’शी जोडले गेले. आवाज ओळखीचा, वार ठरलेला, वेळ ठरलेली. वेळ संपली की कार्यक्रम संपे आणि मूल उठून खेळायला जाई.

सिनेमाच्या बाबतीत सरकार लवकर जागे झाले, पण त्याची काळजी वेगळीच होती. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने थिएटरला परवाना आणि चित्रपटाला प्रमाणपत्र अशा दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. परवान्यात आगीपासूनची सुरक्षा होती. प्रमाणपत्रात मुलांची काळजी थोडी आणि राजवटीच्या प्रतिष्ठेची जास्त होती. १९२७ मध्ये टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या. चित्रपटांचा मुलांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न तेव्हाही साक्षीदारांना विचारला गेला होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्याने ‘यू’ आणि ‘ए’ ही विभागणी कायम ठेवली, आणि पंडित नेहरूंच्या आग्रहामुळे १९५५ मध्ये बाल चित्रपट संस्था उभी राहिली. हृदयनाथ कुंझरू तिचे पहिले अध्यक्ष, पुढे सई परांजपे यांनीही ते पद सांभाळले. म्हणजे वाईट अडवण्याबरोबर चांगले निर्माण करणे हेही राज्याचे काम आहे, हे तेव्हा मान्य झाले होते.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेला ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग आजही अभ्यासण्यासारखा आहे. अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवले गेले. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस त्याचे एक प्रमुख सूत्रधार होते. सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेला होता. वर्गात टीव्ही लागे, सगळी मुले एकत्र पाहत आणि शिक्षक तिथेच असत. त्याच धाग्यातून पुढे इन्सॅट उपग्रहांच्या योजनेत पुण्याची बालचित्रवाणी आली, १९८४ मध्ये. ज्यांचे बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात गेले त्यांना सकाळच्या दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम आठवतील. प्रयोग साधे, नेपथ्य गरीब, पण मराठी मुलांसाठी मराठी माणसांनी विचार करून केलेले. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. ज्या वर्षी जगाला यूट्यूबवरच्या त्या विकृत व्हिडिओंचा शोध लागला त्याच वर्षी आपण मुलांसाठी चित्रफिती बनवणारे आपले केंद्र मिटवले, याची खंत वाटते.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. कार्यक्रम थोडे होते, पुष्कळदा कंटाळवाणे होते, आणि बहुसंख्य मुलांच्या घरी टीव्ही नव्हताच. सेन्सॉरच्या कात्रीने मुलांचे नाव पुढे करून मोठ्यांचे तोंडही अनेकदा बंद केले. आज एखाद्या आदिवासी पाड्यावरचे मूल फोनवर ज्वालामुखी पाहते, कीटक पाहते, परदेशात वाढणारे मराठी मूल आजीच्या भाषेतली गाणी ऐकते. ही दारे बंद करावीत असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

पण दार कोणाच्या हाती द्यायचे याची लढाई अमेरिकेत टीव्हीच्या काळात होऊन गेली, आणि ती समजून घेतल्याशिवाय आजचा पेच कळत नाही. १९६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पेगी चारेन आणि त्यांच्या शेजारणींनी मुलांच्या टीव्हीवरील जाहिरातींविरुद्ध संघटना उभारली. १९७८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने प्रस्ताव आणला की अगदी लहान मुलांसाठीच्या जाहिराती बंद कराव्यात, कारण जाहिरात म्हणजे विकण्याचा प्रयत्न हे त्या वयाला कळतच नाही. खेळणी, गोळ्या-चॉकलेटे आणि साखरेची न्याहारी विकणारे उद्योग तुटून पडले. आयोग देशाची आया बनू पाहतो आहे, अशी थट्टा झाली आणि १९८० मध्ये कायदेमंडळाने आयोगाचे हातच बांधले. १९८४ मध्ये जाहिरातींच्या मिनिटांवरची मर्यादाही गेली. त्या सुमारास ‘ही-मॅन’, ‘ट्रान्सफॉर्मर्स’ यांसारख्या, खेळण्यांच्या दुकानातून पडद्यावर आलेल्या मालिकांची रांग लागली. आज खेळण्यांची खोकी उघडून दाखवणारे जे व्हिडिओ आपली मुले तासन्‌तास बघतात, त्यांची वंशावळ तिथपर्यंत जाते. १९९० च्या कायद्याने काही मर्यादा परत आणल्या. कॅनडाच्या क्यूबेक प्रांताने मात्र १९८० पासूनच तेरा वर्षांखालील मुलांसाठीच्या जाहिराती बंद केल्या होत्या आणि स्वीडननेही पुढे टीव्हीवर बारा वर्षांखालील मुलांसाठी तसेच केले. तिथली बालके टीव्हीविना वाढली नाहीत.

इंटरनेट आले तेव्हा १९९८ मध्ये अमेरिकेने मुलांच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती गोळा करायची तर पालकांची संमती हवी. यातून सुटण्याची सोपी वाट म्हणजे आमच्याकडे तेरा वर्षांखालचे कोणी येतच नाही असे म्हणणे. फेब्रुवारी २००५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढच्याच वर्षी गूगलने विकत घेतलेल्या यूट्यूबची अधिकृत भूमिका अनेक वर्षे हीच होती. २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यूयॉर्क राज्याने कंपनीविरुद्ध जी तक्रार दाखल केली ती वाचताना संताप येतो. खेळणी बनवणाऱ्या मॅटेल आणि हॅस्ब्रो या कंपन्यांपुढे यूट्यूबने आपण मुलांमध्ये किती लोकप्रिय आहोत याची आकडेवारी मांडली होती, आणि दुसरीकडे आमच्या मंचावर तेरा वर्षांखालील प्रेक्षक नाहीत असे सांगितले होते. १७ कोटी डॉलर भरून, गुन्हा कबूल न करता, प्रकरण मिटले.

त्या तडजोडीतून जानेवारी २०२० पासून नवी पद्धत आली. व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे तो टाकणाऱ्याने सांगायचे. सांगितले तर त्यावर लक्ष्य साधणाऱ्या जाहिराती बंद, टिप्पण्या बंद. फायदा निश्चित झाला. पण जबाबदारी पुन्हा एकदा मधल्या यंत्रणेवरून सरकली, या वेळी टाकणाऱ्यावर. सप्टेंबर २०२५ मध्ये डिस्नेने आपले काही व्हिडिओ मुलांसाठीचे म्हणून न दाखवल्याबद्दल एक कोटी डॉलर भरून तडजोड केली. इतकी मोठी, मुलांवरच जगणारी कंपनी खूण नीट करत नसेल तर हजारो किरकोळ चॅनेलांकडून काय अपेक्षा ठेवायची?

शिफारस करणाऱ्या यंत्रणेबद्दल थोडे तपशिलाने बोलले पाहिजे. २०१२ मध्ये यूट्यूबने व्हिडिओंचा क्रम लावण्याची कसोटी बदलली. किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला गेला याला वजन आले. २०१५ च्या सुमारास एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होऊ लागला. २०१८ च्या सुरुवातीला कंपनीच्याच अधिकाऱ्याने सांगितले की लोक यूट्यूबवर घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींमुळे मिळतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत यातून त्याच्या आवडीनिवडीचा काहीतरी अंदाज येतो. दोन वर्षांच्या मुलाची आवड म्हणजे काय? ते हललेल्या वस्तूकडे पाहते, मोठ्या आवाजाकडे वळते, तीच गोष्ट वीसदा मागते. वेळ मोजणारे यंत्र याचा अर्थ एकच लावते: आणखी द्या. मूल जितके असहाय, तितका प्रतिसाद भक्कम. दोन वर्षांखालील मुले पडद्यावरून शिकतात त्यापेक्षा समोरच्या माणसाकडून कितीतरी अधिक शिकतात, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वर्षाच्या आतील बाळांना पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाहून अधिक नको असे सांगितले ते उगीच नव्हे.

हे वाचून घरातली आई म्हणेल, फोन दाखवल्याशिवाय पोरगं घास घेत नाही, मी काय करू? तिला दोष देणाऱ्यांची बाजू आम्ही घेणार नाही. एकत्र कुटुंबे गेली, अंगणे गेली, दोघे कामावर जातात, पाळणाघरे महाग आहेत. रिकाम्या झालेल्या त्या जागेत फोन आला. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०१८ मध्ये विचारले तेव्हा अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांपैकी ८१ टक्के जणांनी मुलांना यूट्यूब पाहू देतो असे सांगितले, आणि त्यांपैकी ६१ टक्क्यांनी मुलांसाठी अयोग्य काहीतरी आढळल्याचे सांगितले. तिथल्या सुखवस्तू पालकांनाही हे टाळता आले नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जिचा परदेशी कायदे विचार करत नाहीत. आपल्या बहुतेक घरांत मुलाचा वेगळा फोन नसतो. ते बाबांच्या नाहीतर आजीच्या फोनवर, त्यांच्याच खात्यातून पाहते. यंत्रणेच्या लेखी तिथे चाळीस वर्षांचा पुरुष आहे, ज्याला कधी क्रिकेट, कधी गुन्हेगारीच्या बातम्या आणि कधी अचानक तीन तास बडबडगीते लागतात. बडबडगीतानंतर बाबांच्या आवडीचे काहीही येऊ शकते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी केली, यूट्यूबही त्यात आहे. किशोरवयीनांसाठी तिचा काय परिणाम होतो ते कळेलच. पण ज्याचे खातेच नाही त्या तीन वर्षांच्या मुलाला ही बंदी स्पर्शही करत नाही.

भारतीय कायद्यातली विसंगती तर डोळ्यांवर येते. सिनेमाच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्या आल्या. ओटीटीवरच्या मालिकांनाही २०२१ च्या नियमांनी वयाची खूण सक्तीची केली. म्हणजे थिएटरात, जिथे तीन वर्षांचे मूल वर्षातून एकदा जाते, तिथे बारीक चाळणी. रोज हातात असलेल्या व्हिडिओ मंचाला मात्र कायदा ‘मध्यस्थ’ मानतो, दुसऱ्याचा माल ठेवून घेणारा. माल नुसता ठेवला असता तर हे ठीक होते. त्यातून निवडून, क्रम लावून, आपोआप सुरू करून मुलापुढे मांडणारा संपादकाचेच काम करतो आहे, आणि त्याने संपादकाची जबाबदारी घेतली पाहिजे.

ब्रिटनने या दिशेने एक पाऊल टाकले. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य बीबन किड्रन यांच्या प्रयत्नांतून आलेली बालकेंद्री रचनेची संहिता २ सप्टेंबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाली. मूल वापरण्याची शक्यता असेल तर सेवा मुळातच सुरक्षित ठेवून द्या, पालकांनी येऊन बटणे दाबण्याची वाट पाहू नका, हा तिचा गाभा. त्याच्या काही आठवडे आधी यूट्यूबने अठरा वर्षांखालील खात्यांसाठी आणि यूट्यूब किड्ससाठी आपोआप पुढे जाणे मुळातच बंद ठेवण्याचे जाहीर केले. सहा वर्षे जे करता येत नव्हते ते कायद्याची तारीख जवळ येताच करता आले.

आपल्याकडे असे नियम होईपर्यंत घरात जे करता येते ते केलेच पाहिजे. अगदी लहान मुलासाठी मोठ्यांचे यूट्यूब उघडूच नये. यूट्यूब किड्समध्ये मुलाचे वेगळे खाते करून पालकांनी मान्य केलेलेच व्हिडिओ दिसतील ही सोय चालू करावी, शोध बंद करावा. त्याहून चांगले म्हणजे आठ-दहा व्हिडिओ आधी स्वतः पाहून उतरवून ठेवावेत आणि नेट बंद करून दाखवावेत. हातातल्या फोनपेक्षा बाहेरच्या खोलीतला टीव्ही बरा, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. कानात इयरफोन नकोत, आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला पाहिजे. १९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाली तेव्हा तिच्या कर्त्यांनी मोठ्यांनाही हसू येईल असे प्रसंग मुद्दाम घातले होते, आईबाप शेजारी बसले तर मूल अधिक शिकते म्हणून. रोज शक्य नसले तरी शेजारी बसावे. आणि मूल काही पाहून घाबरले तर रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

सरकारकडून आणि कंपन्यांकडून मात्र याहून अधिक मागायचे आहे. मुलांचा म्हणून जो व्हिडिओ लागला आहे, तो कोणत्याही खात्यातून लागला असो, त्यानंतर आपोआप दुसरा सुरू होऊ नये. त्याच्या शेजारी दिसणारी यादी माणसांनी पाहून मान्य केलेली असावी, आणि मराठीतल्या यादीसाठी मराठी जाणणारी माणसे कंपनीने नेमावीत. चुकीचे काही पुढे आले तर ते टाकणाऱ्याइतकीच ते पुढे करणाऱ्याची जबाबदारी असावी. बालचित्रवाणीसारखी संस्था राज्याने नव्याने उभी करावी, याच मंचांसाठी मराठीत चांगले, छोटे, शेवट असलेले कार्यक्रम करणारी, आणि संपादकाचे नाव ठळक लावणारी.

यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नववे कलम अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींना मनाई करते, आणि मुलाच्या हिताला बाधक ठरेल असा माहितीचा वापरही निषिद्ध ठरवते. उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. किती वेळ पाहिले ते मोजून लहान मुलाला पुढचा व्हिडिओ देणे हा असा बाधक वापर आहे, एवढे स्पष्टीकरण सरकारने करायचे आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुलांविषयीच्या तरतुदी मे २०२७ मध्ये अमलात येतील. महाराष्ट्राच्या खासदारांनी हा मुद्दा त्याआधी संसदेत मांडावा.